फुंकर मारून बघा

प्रश्न : आमच्या सासूबाईंच्या आत्या डॉक्टर होत्या. घरात सगळे त्यांना ताईआत्या म्हणत. १९५४ साली त्या पुढच्या शिक्षणासाठी एडिंबराला गेल्या आणि दोन वर्षांनी परतल्या, तेव्हा सामानात एक लांब, काळा फरचा कोट होता. पुण्यात तो घालण्याएवढी थंडी कुठली? कोट ट्रंकेतच राहिला. आता वाडा पाडायचा ठरलाय आणि ट्रंक माझ्याकडे आलीय. कोट मखमलीसारखा आखूड केसांचा आहे. कोपरांपाशी आणि खिशांच्या कडेला केस गेलेत. गळ्याशी शिवलेल्या पट्टीवर दुकानाचं नाव आणि खाली इंग्रजीत 'सील कोनी' असं लिहिलंय. सगळे त्याला 'ताईआत्यांचा सीलचा कोट' म्हणतात. माझ्या मुलीने बर्फावर सीलची पांढरी पिल्लं मारतानाची चित्रफीत पाहिलीय. ती म्हणते, हा कोट घरात नको. हा खरंच सील आहे का? आणि पुण्याच्या पावसाळ्यात तो टिकवायचा कसा?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : लेकीला आजच सांगा, हा कोट सीलचा नाही. सशाचा आहे.

'कोनी' हा सशासाठी इंग्रजीतला जुना शब्द. विलायतेतल्या फरवाल्यांची नाव देण्याची एक रीत होती : ज्याची नक्कल करायची तो प्राणी आधी, आणि ज्याचं कातडं तो शेवटी. 'सील कोनी' म्हणजे सीलसारखा दिसावा म्हणून कातरून, काळा रंगवलेला ससा. 'बीव्हर कोनी' म्हणजे बीव्हरसारखा, म्हणजे नदीत बांध घालणाऱ्या दाट लवेच्या प्राण्यासारखा केलेला ससा. 'सील मस्क्वॉश' म्हणजे सीलसारखा केलेला मस्करॅट. हा उत्तर अमेरिकेतल्या दलदलीत राहणारा, मोठ्या घुशीएवढा प्राणी. तेव्हा पट्टीवरचा शेवटचा शब्द वाचायचा. अमेरिकेत मात्र त्याच मस्करॅटला 'हडसन सील' म्हणत, आणि त्या नावात खऱ्या प्राण्याचा मागमूसही नसे. १९५१ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्याविरुद्धच्या कायद्यावर सही केली, आणि १९५२च्या ऑगस्टपासून प्राण्याचं खरं नाव पट्टीवर लिहिणं तिथे सक्तीचं झालं. कुणाकडे अमेरिकेतला कोट असेल आणि त्यावर नुसतंच 'हडसन सील' असेल, तर तो बहुधा त्या आधीचा.

पण पट्टीवर विसंबू नका. पट्टी उसवून दुसऱ्या कोटाला लावता येते, आणि लावतातही. कोट स्वतः काय सांगतो ते बघायचं.

हे मी कॅनडात, माँट्रियलला शिकले. १९७३च्या हिवाळ्यात आम्ही तिथे गेलो आणि दुसऱ्याच महिन्यात मला मेयर स्ट्रीटवरच्या एका फरच्या कारखान्यात अस्तरं शिवण्याचं काम मिळालं. त्या गल्लीत आणि शेजारच्या सेंट अलेक्झांडर स्ट्रीटवर तेव्हा इमारतीच्या इमारती फरवाल्यांच्या होत्या. आमचे मुख्य कारागीर ग्रीसमधल्या कास्तोरियाचे. तळ्याकाठच्या या गावात पिढ्यान् पिढ्या हाच धंदा चालत आलाय. दुसऱ्यांनी कापून टाकलेली शेपट्यांची, पंजांची, गळ्याची चिंधी-चिंधी जोडून अख्खा कोट उभा करणं ही त्यांची खासियत. तो कोट आतून पाहिलात तर तुम्हाला आपली गोधडीच आठवेल. बाहेरून जोड शोधून सापडत नाही.

कुणी कोट आणला की ते हात लावण्याआधी त्याच्यावर फुंकर मारायचे. आपण चहावर मारतो तशी पसरट नव्हे. ओठ आवळून, एका जागी, बारीक. केस दोन्ही बाजूंना सरकतात, मध्ये भोवरा पडतो आणि तळापर्यंत सगळं दिसतं. प्राण्याच्या अंगावर दोन तऱ्हेचे केस असतात. वरचे लांब, चकचकीत, जरा राठ, ते पाऊस झेलतात. खालची दाट, मऊ लव, ती ऊब धरते. कुठल्या प्राण्यात वरचे किती, खालची किती आणि कुठल्या रंगाची, यावरच सगळी पारख. मिंकमध्ये (हा मुंगसासारख्या लांबट अंगाचा प्राणी) वरचे केस लवेपेक्षा थोडेच लांब आणि सगळे सारख्या उंचीचे, म्हणून ते पाण्यासारखे चमकतात. मस्करॅटमध्ये वरचे केस विरळ, आणि फुंकर मारली की निळसर करडी लव उघडी पडते. सेबल हा सायबेरियाच्या जंगलातला, फार महागड्या फरचा प्राणी; त्याचे केस ज्या दिशेने हात फिरवाल त्या दिशेने निजतात. सशाचे केस हलके, तुटके. फुंकर मारली की दोन-चार हवेत उडतात आणि तुमच्या काळ्या साडीवर बसतात.

तुमच्या कोटाचे केस कातरलेले आहेत, म्हणजे वरचे राठ केस काढून फक्त लव ठेवलीय. त्यामुळे फुंकरीने अर्धंच कळेल. उरलेलं आतून बघा. खालच्या घेराशी अस्तर चार बोटं उसवा. कात्रीने नको, सुईच्या टोकाने एकेक टाका उचला, म्हणजे परत शिवता येईल. आत कातडीची उलटी बाजू दिसेल. विणलेलं कापड दिसलं तर ती नकली फर, विषय संपला. कातडी असेल तर जोड मोजा. खरे सीलचे कोट ज्याचे असत त्या फर-सीलचं कातडं मोठं आणि जाड असतं, पाठीला फार जोड येत नाहीत, आणि कोट खांद्यावर ओझ्यासारखा बसतो. सशाचं कातडं पातळ, कागदासारखं, आणि वीत-दीड वितीवर जोड. मिंकच्या चांगल्या कोटात तर कातड्याच्या जेमतेम पाच मिलिमीटरच्या तिरक्या पट्ट्या कापून, सरकवून, परत शिवलेल्या असतात. एका कोटात हजारो. कातडी नेहमी उलट्या बाजूने पात्याने कापायची, म्हणजे एकही केस कापला जात नाही.

अजून खात्री हवी असेल तर तुमच्या ओळखीतलं एखादं कॉलेज गाठा, जिथे प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा आहे. शिवणीच्या आतून, जिथे रंग कमी पोचलाय तिथून, दोन-चार जाडसर केस चिमट्याने काढा. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात केस, वर झाकण. केसाच्या मधोमध हवेच्या पोकळ्यांच्या ओळी दिसतील, शेजारी शेजारी, मक्याच्या कणसातल्या दाण्यांसारख्या. हे सशाचं लक्षण, आणि एकदा पाहिलं की विसरत नाही. केसाच्या बाहेरचे खवले बघायचे असतील तर काचेवर बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर द्या, ओलसर असतानाच केस त्यावर ठेवा, वाळला की उचला. खवल्यांचा ठसा मागे राहतो. माझ्या भाचीने हा प्रयोग तिच्या बारावीच्या मुलांकडून करून घेतला, आणि मुलं तासभर जागची हलली नाहीत.

केस जाळून बघण्याचा उपाय तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. खरा केस जळक्या केसासारखा वास देतो आणि त्याची राख चुरते, नकली वितळून त्याचा कडक मणी होतो. हे खरं आहे, पण त्याने फक्त खरं की नकली एवढंच कळतं, प्राणी कळत नाही. करायचंच तर उपटलेला एक केस चिमट्यात धरून, सिंकमध्ये, कोटापासून लांब.

आणि इस्त्री, वाफ, हेअर ड्रायर अजिबात नको. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एका कोटाची बाही गेली. एका बाईंच्या वारलेल्या आईचा तो कोट. अस्तराची चुणी मोडावी म्हणून मी वाफेची इस्त्री फिरवली. कापडाला वाफ चालते, कातडीला चालत नाही, हे मला माहीत नव्हतं. डोळ्यांदेखत बाही आक्रसली, बोटभर आखूड झाली आणि कडक पडली. त्या बाईंनी बाही हातात धरली, काही बोलल्या नाहीत, आणि कोट तसाच घेऊन गेल्या. पन्नास वर्षं झाली. वाफेची इस्त्री हातात घेतली की अजून ती बाही डोळ्यांपुढे येते.

आता मुलीसाठी. तिने चित्रफितीत पाहिली ती पांढरी पिल्लं हार्प सीलची, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याच्या बर्फावरची. १९७७ साली फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दो या शिकारीचा निषेध करायला तिथे गेल्या तेव्हा आमच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. कारखान्यातही दोन तट पडले होते. त्या पिल्लांच्या कातड्यांवर युरोपीय समुदायाने १९८३ साली बंदी घातली. जुन्या काळचे 'सीलचे कोट' म्हणून जे महागडे कोट असत ते या पिल्लांचे नव्हेत. ते फर-सीलचे. हा कानवाला, दाट लवेचा वेगळाच प्राणी, अलास्काजवळच्या प्रिबिलोफ बेटांवरचा. त्याची इतकी कत्तल झाली की १९११ साली अमेरिका, ब्रिटन, जपान आणि रशिया यांना एकत्र बसून समुद्रात त्याची शिकार थांबवणारा करार करावा लागला. त्याच्या कोटाची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यातली नव्हती, म्हणूनच ससा कातरून, काळा रंगवून सील म्हणून खपवला जायचा. ताईआत्यांसारख्या, परदेशी शिकायला गेलेल्या मुलीला परवडण्यासारखा तोच होता. एडिंबराच्या हिवाळ्यात साडेतीन-चारला अंधार पडतो आणि समुद्राकडून वारं येतं. त्या वाऱ्यात त्या रात्रपाळीला याच कोटात जात असणार. कोपर आणि खिशांच्या कडा विरल्यात, म्हणजे दोन वर्षं कोट रोज अंगावर होता आणि हात खिशात होते.

ससा म्हणजे प्राणी नव्हे, असं मी तुमच्या लेकीला सांगणार नाही. मी त्या धंद्यात बावीस वर्षं काढली आणि स्वतः कधी फर घातली नाही, तेव्हा तिचं मन मला कळतं. पण हा कोट टाकून द्यावा असं मला वाटत नाही. तिच्या पणजीच्या पिढीतली एक बाई एकटी बोटीने गेली, शिकली आणि परत आली. तिने रोज अंगावर वागवलेली ही वस्तू आहे. लेकीला एकदा फुंकर मारायला द्या.

टिकवायचा कसा? आधी कातडी जिवंत आहे का बघा. उसवलेल्या जागी दोन अंगठ्यांमध्ये कातडी धरून हलकेच ताणा. मऊ सुती कापडासारखी वाकली तर ठीक. पापडासारखी कुरकुरली किंवा चिरली तर ती आतून संपलीय, मग कोट घालायचा नाही, आडवा ठेवायचा. घालण्याजोगा असेल तर रुंद, जाड खांद्याच्या हँगरला लावा आणि जुन्या सुती साडीची सैल पिशवी शिवून त्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कातडी गुदमरते आणि बुरशी धरते. पुण्यात जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला बाहेर काढून पंख्याखाली तासभर ठेवा, उन्हात नको. अत्तर, सेंट जवळ नको. साध्या लाँड्रीत ड्रायक्लीनला देऊ नका, तिथल्या रसायनाने कातडीतलं तेल निघून जातं. फरवाले लाकडाच्या भुशात घोळून साफ करतात, आपल्याकडे ती सोय मिळणं कठीण.

कसर लागल्याची शंका असेल, म्हणजे केस पुंजक्याने निघत असतील, बारीक वाळूसारखे दाणे पडत असतील, तर डांबरगोळ्या पुरत नाहीत. कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून (प्लॅस्टिक फक्त याच कामापुरतं) दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. दिवसभर तशीच राहू द्या, म्हणजे दव पिशवीवर बाहेरून धरेल, कोटावर नाही.

प्रश्न : आजोबा चित्रकार. १९३०च्या दशकात लंडनला होते, तिथून त्यांनी आजीसाठी गळ्यात घालायचं एक फर आणलं. चार लहान प्राणी, डोक्यासकट, काचेचे डोळे, एकाने दुसऱ्याची शेपटी तोंडात धरलेली. रंग पिवळसर तांबूस. काका म्हणतात कोल्हा, आई म्हणते मुंगूस. फोटो पाठवलाय. हे नक्की काय आहे?
— कोल्हापूर

उत्तर : फोटोत बाजूला मोजपट्टी ठेवलीत ते फार बरं केलंत. कोल्हा नव्हे. (इंग्रजीतल्या 'फॉक्स'ला आपण सर्रास कोल्हा म्हणतो, पण मराठीत त्याला खोकड म्हणतात. कोल्हा म्हणजे 'जॅकल'. जुनी माणसं हा फरक नीट पाळायची.) खोकडाचे केस बोटभर लांब आणि शेपटी झुबकेदार, एकटं खोकड गळा भरून टाकतं. तुमचे प्राणी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत जेमतेम पस्तीस सेंटिमीटर आहेत.

मुंगूसही नव्हे. मुंगसाचा एकच केस उजेडात धरा, त्यावर फिकट आणि गडद असे आळीपाळीने पट्टे असतात, म्हणून तो मीठ-मिरी टाकल्यासारखा दिसतो. तुमच्या फोटोत केस मुळापासून टोकापर्यंत एकाच तांबूस-पिवळ्या रंगाचा आहे. तोंडावर काळपट बुरखा आणि हनुवटीला पांढरं आहे. हा कोलिन्स्की असणार, सायबेरिया आणि चीनकडचा एक वीझल, मुंगसाच्याच अंगलटीचा पण वेगळ्या कुळातला.

आजोबा चित्रकार होते ना? मग त्यांच्या पेटीतला जलरंगाचा एखादा चांगला जुना 'सेबल' ब्रश काढा आणि या शेपटीशेजारी ठेवा. नाव सेबल असलं तरी उत्तम जलरंगाचे ब्रश सेबलचे नसतात, याच कोलिन्स्कीच्या शेपटीच्या केसांचे असतात. केसाचं पोट फुगीर आणि टोक निमुळतं, म्हणून ते पाणी धरतात आणि तरी सुईसारखी रेघ देतात. रंग, चमक, टोक जुळलं तर तुमचं उत्तर तुम्हाला घरातच मिळालं. मला तरी वाटतं, आजोबांनी दुकानात ते फर बघितलं तेव्हा आधी शेपट्यांनाच हात लावला असणार.

जबड्यांत कपड्याच्या चिमट्यासारख्या स्प्रिंगा आहेत. त्या गंजल्या असतील तर जोर लावून उघडू नका, नाकाची कातडी फाटते. आणि एक महत्त्वाचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे मुंगसापासून बिबट्यापर्यंत कितीतरी प्राण्यांच्या कातडीचा, केसांचा व्यवहार गुन्हा आहे, मुंगसाच्या केसांचे ब्रशसुद्धा. तुमची वस्तू विकायचा किंवा कुणाला द्यायचा विचार मनात आला, तर आधी वन विभागाच्या कार्यालयात विचारा. ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची कातडी ज्यांच्या घरात आहे त्यांनी तर हे आजच करावं.

प्रश्न : वडील सैन्यात होते. श्रीनगरहून त्यांनी काळी, कुरळ्या केसांची टोपी आणली होती. कुणी म्हणतं ती न जन्मलेल्या कोकराची असते. खरं का?
— नाशिक

उत्तर : ती कराकुली टोपी. उझबेकिस्तानात बुखाऱ्याजवळच्या काराकुल गावावरून त्या मेंढीला नाव पडलं. १९०७ साली या मेंढ्या आफ्रिकेत आजच्या नामिबियातही नेल्या गेल्या आणि तिथून कातडी जगभर जाऊ लागली. तुमच्या टोपीचे केस उठावदार, घट्ट, गुंडाळ्यागुंडाळ्यांचे असतील तर ते जन्मलेलं कोकरू आहे, पण जेमतेम काही दिवसांचं. कोकरू मोठं होऊ लागलं की कुरळेपण उलगडतं, म्हणून इतक्या लवकर मारतात. केस चपटे, ओल्या रेशमावर लाटा उठाव्यात तसे दिसत असतील तर त्याला ब्रॉडटेल म्हणतात, आणि ते मात्र पुरते दिवस भरण्याआधीच्या कोकराचं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तुम्ही सरळ विचारलंत.

यात नकलीही पुष्कळ येतात, कापडावर विणलेल्या कुरळ्यांच्या. घामपट्टी थोडी उचलून बघा, आत कातडी आहे की विणलेलं कापड ते लगेच कळेल. आणि वडिलांची टोपी घडी घालून ठेवत असाल तर आजच उघडा. कराकुलीची कातडी पहिल्यांदा घडीवरच चिरते. आत मलमलीच्या फडक्याचा सैल गोळा भरून, घालतात त्याच आकारात, खोक्यात ठेवा.